तांबूचा चैत्रातला पोळा

वडाळी, ता. यावल
१ एप्रिल २०२५

चि. रूपास आजीचे भरभरून आशीर्वाद.

विसरली असशील म्हणून सांगते, मी पुष्पाबाई, तुझ्या बापाची आई. आमच्या तांबू गायीलाही विसरलीसच, नाहीतर कुरणातून हाकललं नसतंस. कौतिक गुराखी सांगत होता, वनरक्षकबाईंनी स्वतः काठी उगारली. बठ्ठं गाव हसतंय. तुझी मयुरीकाकूही माझं पत्र लिहिता लिहिता हसते. सुनेला लिहायला बसवलं की असंच होतं.

आपली गुरं पिढ्यान्‌पिढ्या तिथं चरली. आता खात्यानं कुरण रानगव्यांसाठी बंद केलं, बरं. पण एकटी तांबू असं किती खाणार होती? आखाजीच्या सणाला घरी ये, तोंडावर भांडू. पुरणाचे मांडे भाजायचं खापर घासून ठेवलंय.

माया आहे तेवढीच आहे, राग वरून लावलाय.
तुझी आजी

वनचौकी, सातपुडा
५ एप्रिल २०२५

ती. आजीच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इथे रेंज नाही, म्हणून दूधगाडीवाल्या बन्सीलालकाकांच्या हाती पत्र देते. काठी तांबूवर नव्हती, कौतिकभाऊंवर होती!

आम्ही हिवाळ्यात राठ गवत कापलं, टणटणीची झुडपं उपटली. पाणवठ्याकाठी कोवळं फुटलं आणि किती वर्षांनी गव्यांचा कळप खाली उतरला. तांबूनं चार घास खाल्ले तर माझं काही जात नाही. भीती पाण्याची आहे. गावच्या गुरांत लाळ्या-खुरकूत आलाय आणि ती त्याच पाणवठ्यावर पितात. काल गव्याचं एक वासरू लंगडत होतं, तोंडाला फेस. त्याची आई कळपामागे गेलीच नाही.

मंगळवारी गावात लस टोचायला डॉक्टर येतील. दूध आटतं म्हणून कुणी गुरं आणत नाही. तू तांबूला आण, गाव तुझ्यामागे येईल. वासराचं काय ते कळेपर्यंत मी इथून हलणार नाही, आखाजीलाही. रागावू नकोस.

तुझ्या मायेवरच इथे राहते.
रूपा

वडाळी
१२ एप्रिल २०२५

चि. रूपास अनेक आशीर्वाद.

तांबूला नेलं. नुसती नेली असती तर कुणी मान वळवली नसती, म्हणून शिंगांना हिंगूळ लावला, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ. पोळा बैलांचा, तोही श्रावणातला; मी चैत्रात गाय मिरवली! देवचंद आबा म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलं. पण शेजारच्या कलाबाईला चैन पडेना. तिनं म्हशीच्या शिंगांना रिबिनी बांधून आणल्या. मग काय, ज्याला त्याला आपलं जनावर दाखवायचं होतं. डॉक्टर टोचून टोचून थकले. पाणवठ्यावरही आता कुणी गुरं नेत नाही, गावच्या हौदावर पाजतात.

दोन दिवस तांबूचं दूध आटलं. कोरा चहा प्यायले आणि घोटागणिक तुझं नाव घेतलं. आज तिनं भांडं भरलं.

त्या गवीचं मला कळतं गं. तू गोवरानं पडली होतीस तेव्हा मीही उंबरा ओलांडला नव्हता. आखाजीला येऊ नकोस, तिच्या सोबतीला थांब. वासरू उठलं तर कळव. नाही उठलं तरी कळव, एकटी रडत बसू नकोस.

मांडे बन्सीलालच्या हाती धाडते. डबा रिकामा परत येता कामा नये, चारोळ्या घालून पाठव. कुरणातल्या नव्हेत, पाड्यावरच्या शेवंताबाईकडून विकत घेतलेल्या. तुझा कायदा मला आता पाठ झालाय.

तुझी आजी