पिल्लं किती दिवसांची?

बोरीवली (पूर्व)

राजमान्य राजश्री नंदकिशोर यास मार्तंडदादाचा आशीर्वाद.

तांबडी सुखरूप व्याली असेल. तिच्यामागोमाग तू, स्वरदा आणि मुलंही बरी असाल. (सख्ख्या मामेभावाचा नंबर गायीनंतर लागला म्हणून रागावू नकोस. एकतीस वर्षं तुझ्या मुरबाडच्या पशुखाद्याच्या दुकानात बसून मी गिऱ्हाइकाला आधी जनावराचीच खुशाली विचारत आलो, ती खोड जाता जात नाही.)

फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून पत्र. माझ्या जागी नवा माणूस ठेवू का, असं विचारलंस. खुशाल ठेव. श्रेयसकडे येऊन मला आठ महिने झाले. मुलगा-सून जिवाला जपतात, लिफ्ट आहे, झकास चाललंय.

थोडं चुकतं कधीकधी. श्रेयसला ताप आला तेव्हा मी आधी त्याचे कान चाचपले. (गार नव्हते, म्हणून निर्धास्त झालो. तो म्हणाला, "बाबा, मी बैल नाहीये.") पण खरी वाट लागली परवा. सूनबाईचे, क्षमाचे, आईवडील घाटकोपरहून आले म्हणून आम्ही हॉटेलात गेलो. मी शहाण्यासारखा गप्प बसलो होतो, तेवढ्यात वेटर वाकून म्हणाला, "अंकल, स्टार्टर काय देऊ?" नंदू, शपथ घेऊन सांगतो, तोंडातून आपोआप गेलं, "पिल्लं किती दिवसांची आहेत?" व्याही माझ्याकडे बघतच राहिले. मग मलाही चेव आला. कोंबडीच्या पिल्लांना एकवीस दिवसांपर्यंतच स्टार्टर खाद्य घालायचं, पुढे फिनिशर, आणि पोतं उघडं टाकलं की बुरशी धरते, सगळं सांगून मोकळा झालो. तर तो चाळिशीचा वेटर निघाला नंदुरबारकडचा, घरी चारशे कोंबड्या! ट्रे टेबलावर ठेवून विचारायला लागला, पिल्लं दिव्याखाली गोळा होऊन बसतात, काय करू? (थंडी वाजते त्यांना, दिवा खाली घे, म्हटलं.) तोवर व्याह्यांचं सूप निवलं. क्षमा पदर नसल्यामुळे तोंडाला रुमाल लावून हसत होती.

निघताना त्याने विचारलं, "काका, तुमचं दुकान कुठंय?" आठ महिन्यांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं रे. इथे मी बी-सातशे दोनमधले आजोबा. तिथे शटर वर केलं की सरकीच्या पेंडेचा वास यायचा, आणि स्वतःची म्हैस आटली की आपल्या गिऱ्हाईक रत्नप्रभाबाई माझ्याशी भांडायला यायच्या, जणू दूध मीच चोरलंय. त्या भांडणाची मला फार आठवण येते. असो. नवा माणूस चांगला बघून ठेव.

तुझा,
मार्तंडदादा

ता. क. : माणूस ठेवू नकोस. सोमवारी येतो.

आणखी ता. क. : श्रेयसला हे सांगायची माझी हिंमत होत नाही. तो किती करतो माझ्यासाठी, त्याला वाईट वाटेल. तूच त्याला फोन करून सांग की माझ्यावाचून दुकान अडलंय. खोटं असलं तरी सांग. आणि खरंच अडलं असेल, तर आधी मला कळव.