सुई दिली तेव्हापासून

७ जानेवारी
सकाळी कमरेचं लाकूड. सु.ने खांद्याखाली हात घालून पलंगावर बसवलं, मग स्वतःचा डबा उचलून रेल्वेच्या वर्कशॉपला गेला. बायकोला रोज बसती करणं सप्तपदीत नव्हतं, तरी करतो बिचारा. कुरकुर नाही. गरम पाणी कमरेवर घेतलं, घरात चार फेऱ्या मारल्या, तेव्हा माणसात आले. शाळेत उभी राहून शिकवलं तर ठीक. स्टाफरूममध्ये बसले की पुन्हा लाकूड. इथले डॉक्टर म्हणतात आराम करा. आराम केला की जास्त दुखतं. कोणाला सांगू.

इराला अजून पाच वर्षं पुरी नाहीत. पेन्सिल, टॉवेल, माझी चप्पल, जे खाली पडेल ते माझ्याआधी उचलते. "आई, तू झुकू नको. मी उचलते." शेजारच्या तिवारी चाची म्हणाल्या, "कितनी समझदार बिटिया है।" मला बरं वाटलं. की नाही वाटलं. हल्ली कळत नाही.

१५ जानेवारी
इराचं बोरन्हाण झालं. पाचवं वर्ष, म्हणजे हे शेवटचं. काळा फ्रॉक, सासूबाईंनी घरी केलेले हलव्याचे दागिने. बोरं चाचींच्या गरौठा गावच्या भाच्याने पोतंभर आणून टाकलेली. आमच्या सीपरी मोहल्ल्यातली दोन-तीन मराठी घरं सोडली तर बाकी सगळ्या बायकांना हा प्रकार नवीन. हसून हसून बघत होत्या.

मला वाकता येत नव्हतं, म्हणून उभ्यानेच ओतलं. बोरं उंचावरून ताडताड तिच्या डोक्यावर. एका नवीन बाईंनी विचारलं, इतनी कम उमर में कमर को क्या हुआ? सासूबाईंचं उत्तर तयार: "इसके होने में पीठ में सुई दी थी ना, तबसे।" सिझेरियनच्या वेळची सुई. आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला चहाबरोबर ही गोष्ट मिळते. मीही ऐकून ऐकून मान डोलावते.

बाकी पोरं बोरांवर तुटून पडली. इरा पाटावर तशीच बसून. हलवा टोचत असेल म्हटलं.

१८ जानेवारी
इराने सासूबाईंना विचारलं, "आजी, बर्थडे कॅन्सल होतो का?" त्यांना वाटलं बाहुलीसाठी रुसली आहे. मी विचारलं, का गं?

"मला नको. परत तुझी पाठ दुखेल."

कशी दुखेल?

"मैं हुई थी ना. तेव्हा सुई लगी थी."

एवढं सांगून चित्रातल्या हत्तीला निळा रंग देत बसली. मी उभीच. मग ते चप्पल उचलणं, टॉवेल उचलणं, आठ-नऊ महिन्यांत एकदाही 'उचलून घे' न म्हणणं, सगळं एकापाठोपाठ आठवलं.

काही आलं नाही आतून. रडूसुद्धा नाही. पोळ्या केल्या. जास्तच झाल्या.

सु.ला सांगितलं. तो म्हणाला, "ग्वाल्हेरला त्या सांध्यांच्या डॉक्टरकडे एकदा जाऊन येऊ." या वेळी मी नेहमीसारखं 'बघू' म्हणाले नाही.

२४ जानेवारी
ग्वाल्हेर. गाडीत उभीच राहिले. सीट रिकामी होती, लोक बघत होते.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी पाठीला नंतर हात लावला, आधी विचारत बसल्या. "सुबह ज़्यादा, चलने-फिरने से कम?" हो. "शादी से पहले भी अकड़न रहती थी?" नाही म्हणणार होते. मग बी.एड.चं हॉस्टेल आठवलं. खोलीतल्या मुली चिडवायच्या, म्हातारीसारखी कुशीवर होऊन उठते म्हणून. ते कधीच कुठे सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

फोटो, रक्त, सगळं बघून म्हणाल्या: संधिवात. कमरेच्या हाडाला कणा जिथे टेकतो तिथला. जवानपणीच सुरू होतो. सुईचा काही संबंध नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाल्या, "बिलकुल नहीं।"

औषध कायमचं. व्यायाम रोज. आराम नाही! गोळ्यांनी भागलं नाही तर इंजेक्शन. म्हणजे शेवटी सुई आहेच. मला हसू आलं, सु.ला आलं नाही.

२५ जानेवारी
सासूबाईंना सगळं सांगितलं. गवार निवडत होत्या. "लग्नाआधीपासून?" एवढंच आधी. मग बराच वेळ शेंगांच्या शिरा काढत राहिल्या. मग: "हे बघ, बाहेर सांगू नकोस. लोक म्हणतील माहेरून दुखणं घेऊन आली, ह्यांना फसवलं. उद्या इराच्या लग्नात निघेल, आईला संधिवात आहे म्हणून. सुईच सांग. सुईने कोणाचं नाव खराब होत नाही."

दुष्टपणाने नाही म्हणाल्या. रात्री माझ्या कमरेला तेल त्याच लावतात. आणि खरंच, इतकी वर्षं सुईने सगळ्यांना सांभाळलं. मला, त्यांना, माहेरी मानिक चौकातल्या माझ्या आईला. फक्त इराला...

सु. म्हणाला, आई म्हणते त्यातही तथ्य आहे. त्याला प्रत्येक गोष्टीत तथ्य सापडतं. राग आला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं.

२ फेब्रुवारी
इराला सांगितलं. खाली बसता येत नाही, म्हणून तिलाच डायनिंग टेबलावर बसवलं, म्हणजे सु.ने बसवलं. सांगितलं की तू पोटात यायच्या कितीतरी आधी, मी कॉलेजात होते तेव्हापासून माझी पाठ दुखते. तू काही केलं नाहीस. सुईने पण नाही.

पाय हलवत ऐकलं.

"मग कोणी केलं?"

कोणीच नाही.

"पण आजी तर बोलते."

आजीला माहीत नव्हतं.

"आता माहीत आहे?"

हो म्हणाले. मग उतरली आणि माझी चप्पल जागेवर ठेवून आली.

काल चाची आल्या होत्या, तेव्हा सासूबाई पुन्हा तेच सांगत होत्या. इरा तिथेच होती. चार वर्षांची पोरगी कोणावर विश्वास ठेवणार? एकटीला सांगणाऱ्या आईवर, की सगळ्यांपुढे सांगणाऱ्या आजीवर?

९ फेब्रुवारी
वाढदिवस. सकाळी अर्धं लाकूड. गोळ्यांनी फरक आहे, थोडा.

औक्षणाला इरा पाटावर बसेना. शेवटी तिला खुर्चीवर बसवलं, म्हणजे मला उभ्याने ओवाळता येईल. सासूबाई म्हणाल्या पाटाशिवाय औक्षण कसलं. मग स्वतःच पाट उचलून खुर्चीवर ठेवला आणि पोरीला त्यावर. उंच सिंहासनावर बसल्यासारखी दिसत होती. हसली नाही.

संध्याकाळी बायका, पोरं, केक. चाचींनी इराच्या गालाला हात लावला. "आज ही के दिन सुई लगी थी न तुम्हारी मम्मी को? बेचारी।" प्रेमानेच.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. इरा प्लेटकडे.

म्हणाले, "नहीं चाची। सुई से नहीं है। गठिया है, शादी के पहले से था। इसके होने से कुछ नहीं हुआ।"

आवाज वर्गात येतो तसा मोठा निघाला. एक बाई 'अच्छा' म्हणाल्या, अगदी लांबवून. सासूबाई समोसे आणायला आत गेल्या, समोसे बाहेरच होते. सु.ने पोरांना टोप्या वाटायला घेतल्या.

इराने मान वर केली. आधी माझ्याकडे नाही, आजी गेली त्या दाराकडे बघितलं. सासूबाई बाहेर आल्या, रिकाम्या हाताने. म्हणाल्या, "हाँ। हमको भी अभी पता चला।"

रात्री तेल लावायला आल्या नाहीत. सु.ने लावलं. त्याला नीट जमत नाही.

१० फेब्रुवारी
सासूबाई कामापुरतं बोलतात. चहा दिला, साखर विसरल्या. का विसरल्या ते विचारलं नाही. चाची जिन्यात भेटल्या, नेहमीपेक्षा गोड. आता घरोघर जाईल. जाऊ दे. म्हणजे, भीती वाटते. पण जाऊ दे.

दुपारी ओट्यावरून वरणाचा डाव पडला. मोठा आवाज झाला. इरा दारातच नव्या बाहुलीचे केस विंचरत होती. मी थांबले. तिने बघितलं, डावाकडे, मग माझ्याकडे. आणि पुन्हा बाहुलीचे केस.

उचलला नाही.

विसरली असेल. बाहुली नवीन आहे. उद्या पुन्हा चप्पल उचलेलही.

डाव संध्याकाळपर्यंत तिथेच होता. वरण वाटीने वाढलं. सासूबाई म्हणाल्या, डाव कुठाय? मी म्हटलं, असू दे खाली.