कॉलेजची नसलेली टीम

मुलुंड,
रविवार

प्रिय गंधाली,

हे फोनवर बोलायला मला जमणार नाही, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तू अर्धंच वाचून काहीतरी हसरं पाठवशील. म्हणून कागदावर लिहितेय. शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं आहे.

आधी बातमी सांगते. आपली टीम संपली. मागच्या आठवड्यात विद्याधर सरांनी जिमखान्याच्या फळ्यावर यंदाच्या खेळांची यादी लावली. कॅरम, बुद्धिबळ, कबड्डी, मुलींसाठी थ्रोबॉल. फुटबॉल नाही. विचारायला गेले तर म्हणाले, "मुली आहेत कुठे आता? तू एकटी खेळणार का?" खरंच आहे ते. आपण चौदा जणी होतो. पाच पास होऊन गेल्या, तिघींच्या घरच्यांनी तुझं बघून खेळ बंद केला, आणि उरलेल्यांना बोलवायचं मीच सोडलं. कॉलेजचं मैदान दुपारी तीननंतर क्रिकेट ॲकॅडमीला दिलंय. छोटी छोटी मुलं हेल्मेट घालून नेटमध्ये उभी असतात आणि त्यांच्या आया पायऱ्यांवर बसून डबे उघडतात. आपण त्याच पायऱ्यांवर बूट बांधायला बसलो तर शिपाई उठवायचा.

आठवतं, टीम जमवताना नोटीस लावायची परवानगी मिळाली नाही म्हणून मी लेडीज रूमच्या आरशावर कागद चिकटवला होता, "बॉलला लाथ मारायची इच्छा असलेल्या मुली हव्यात." तू येऊन विचारलंस, "बॉललाच मारायची का?" स्ट्रायकर तिथेच ठरली. मग रोज सकाळी सहाला पालिकेचं मैदान, आणि तिथे फिरायला येणाऱ्या आजोबांची बोलणी. कोच नव्हताच. मी मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि सकाळी तुम्हाला असं शिकवायचे, जणू जन्मभर तेच करत आलेय. जर्सी म्हणजे मुलांच्या कबड्डी टीमचे टाकून दिलेले टीशर्ट. माझ्या आईने ते उसवून आपल्या मापाचे केले, जुन्या चादरीचे नंबर कापून शिवले. आठाला कापड पुरलं नाही, म्हणून तुझा आठ तीनसारखा दिसायचा. आई विचारायची, "चेडवांनु, तुमचा कॉलेज तुमका बॉल तरी देता मा?" आपण हसायचो. बॉलसुद्धा तुझ्या मामांनी दिलेला होता गं.

डिसेंबरमध्ये देवनारची ती स्पर्धा आली. सरांच्या मागे आठ दिवस फिरल्यावर त्यांनी प्रवेशाच्या फॉर्मवर सही करून जिमखान्याचा शिक्का मारला. टीमसोबत कॉलेजचा एक शिक्षक असायलाच हवा, हे त्याच फॉर्मवर छापलेलं होतं. "तुम्ही पुढे व्हा, मी येतोच," म्हणाले. आलेच नाहीत. कॉलेजच्या प्रथमोपचार पेटीला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्याकडे. तरी आपण उतरलो. पहिल्या हाफमध्ये तू गोल मारलास, आणि समोरच्या टीमचा कोचसुद्धा टाळ्या वाजवत होता. दुसऱ्या हाफमध्ये कोपऱ्यातल्या खड्ड्यात तुझा पाय गेला. तू किंचाळली नाहीस. मला हाक मारून शांतपणे म्हणालीस, "रितू, गुडघा जागेवर नाहीये." स्पर्धेचा बॅनर उतरवून त्यावरून आम्ही तुला रस्त्यापर्यंत आणलं. रिक्षात पाय सरळ राहीना, म्हणून मी खाली बसून तो मांडीवर धरला. हॉस्पिटल येईपर्यंत मी सरांना अकरा फोन केले. एकही उचलला नाही.

पुढचं तुला माहीत आहे, निदान तुला वाटतं की माहीत आहे. तुझ्या बाबांनी, नंदकिशोर काकांनी, तुझ्या ऑपरेशनसाठी विद्यार्थी विम्याचा अर्ज केला, आणि प्राचार्यांचं उत्तर आलं की सदर संघ महाविद्यालयाचा नव्हता. काका स्वतः जाऊन आले. आयुष्यात कोणाशी आवाज चढवून न बोललेला तो माणूस, आणि सर त्यांना म्हणाले, "अहो, आमच्याकडे मुलींची फुटबॉल टीम कधी नव्हतीच." तू मला फोनवर म्हणालीस, त्यांनी तो शिक्क्याचा फॉर्म गायब केला असणार. मी म्हणाले, असणार. गेल्या महिन्यात तुझा मेसेज आला, "आज काठीशिवाय जिना उतरले. सगळ्या कॉलेजात एक तूच माझ्या बाजूने होतीस यार." मी कॅन्टीनमध्ये होते. पुढ्यातली प्लेट तशीच ठेवून उठले.

फॉर्म गायब झाला नाही, गंधाली. तो मी दिला. तुझ्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सरांनी मला प्राचार्यांच्या केबिनमध्ये नेलं. माझ्यासाठी चहा मागवला. म्हणाले, प्रकरण वाढलं तर या कॉलेजात मुलींचा खेळ कायमचा बंद होईल, आणि त्याला जबाबदार तू. नाहीतर जानेवारीत विद्यापीठाच्या स्पर्धेत टीम पाठवू, आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदान देऊ. फक्त तुझ्याकडची फॉर्मची प्रत आण आणि हे लिहून दे. मी लिहून दिलं. "आम्ही महाविद्यालयाला न कळवता, स्वतःच्या जबाबदारीवर गेलो होतो." खाली कॅप्टन म्हणून सही केली. बाकीच्या बारा जणींसाठी केलं, असं मी स्वतःला सांगत राहिले. ते खोटं आहे. मला विद्यापीठाच्या मैदानावर कॅप्टन म्हणून उतरायचं होतं. जानेवारीत सर म्हणाले, नावं द्यायची मुदत संपली, पुढच्या वर्षी बघू. तुझा गुडघा विकून मला एक कप चहा मिळाला.

काकांच्या तक्रारीची सुनावणी येत्या गुरुवारी विद्यापीठात आहे, हे मला काल कॉलेजच्या ऑफिसमध्ये कळलं. सरांनी लगेच बोलावून सांगितलं, "समितीसमोर तेच सांगायचं, तुझी अटेंडन्स माझ्या हातात आहे." घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिने रात्रीचं जेवण माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः जेवली नाही. आज सकाळी तिने तिचा मोबाइल माझ्या हातात दिला. शिक्का मिळाला त्या दिवशी आनंदाने तिला पाठवलेला फॉर्मचा फोटो त्यात अजून आहे. त्याची प्रिंट सोबत ठेवतेय. दुसरा कागद माझा जबाब आहे, आधीचं लिहून दिलेलं खोटं होतं आणि ते कोणी, कुठे बसून लिहून घेतलं याचा. तू मला माफ करावंस म्हणून हे पत्र नाही. गुरुवारी अकरा वाजता मी तिथे असेन, आणि तिथे मला बघून तू घाबरू नयेस, मी कॉलेजच्या बाजूने आलेय असं काकांना वाटू नये, म्हणून लिहिलं. काकांना सांग, मला घरात घेऊ नका, पण साक्षीला घ्या.

तू नाकारलंस तरी तुझीच,
ऋतिका