स्वानंदीची ओळख मी करून दिली नाही

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

स्वानंदी येतेय. नऊ वर्षांनी! एक डिसेंबरला इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये व्हायोलिन वाजवणार. फोनवर एकच अट घातली — "आई, माझी ओळख तू करून द्यायची नाही. स्टेजवर चढायचंच नाही."

बरं म्हणाले. इतक्या लवकर मी कुणाचंच काही मान्य केलेलं नाही. ना कारखान्याच्या साहेबांचं, ना युनियनचं.

१० नोव्हेंबर

अट रास्त आहे. इथे तरी कबूल करते.

२०१५ला ती ब्वेनोस आइरेसहून आली होती. सोबत तिथलाच एक पियानोवाला. दोघं टँगो, म्हणजे तिथलं नाचाचं संगीत, वाजवणार होते. मंडळात पाहुण्याची ओळख मीच करून देते, तीस वर्षांची रीत. उभी राहिले आणि सुटले — बंदरावरचे हमाल, कत्तलखान्यातले मजूर, पोटासाठी समुद्र ओलांडून आलेली एकटी माणसं. टँगो कुणाचा, हे भिलाईला कळायला नको? त्याआधी ती गोव्यात जॅझ वाजवायची, म्हणजे गुलामांची लेकरंही आलीच. पस्तीस मिनिटं. हॉल दहाला बंद करावा लागतो. त्या दोघांना वीस मिनिटं उरली. टाळ्या मला जास्त पडल्या.

घरी आल्यावर म्हणाली, "आई, मी तुझ्या भाषणातला पुरावा नाही."

दुसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासून दिवाळीला एक फोन, वाढदिवसाला एक.

१४ नोव्हेंबर

प्रफुल्ल आला होता. मंडळाचा सेक्रेटरी, नोकरी रेल्वेत.

"सिंधुताई, ओळख तुम्हीच करून द्या न. मले काय समजते टँगो-फँगो."

"टँगो सोडला तिनं. तीन वर्षं झाली, पुण्यात शास्त्रीय वाजवते."

"मंग तर अजूनच नाही समजत."

"मी बोलणार नाही, प्रफुल्ल."

त्यानं कप खाली ठेवला. "तबियत ठीक आहे न? ताई, तुम्ही प्लांट बंद करू शकता, हे मी पाह्यलं आहे. पण तोंड?"

हसले. तो गेल्यावर त्याचा कप धुतला, आणि परत धुतला.

१९ नोव्हेंबर

आज शामराव आठवले. ब्लास्ट फर्नेसची शिफ्ट करून संध्याकाळी सेक्टर १०च्या क्वार्टरमध्ये व्हायोलिन शिकवायचे. सतरंजीवर मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या पायावर टेकवून. स्वानंदी आठ वर्षांची होती. गोव्याला गेल्यावर ती उभं राहून, हनुवटीखाली धरून वाजवायला लागली, तर म्हातारा खचला. मी त्यांना त्यांच्याच दारात सुनावलं होतं — "पोरगी उभी राहिली, तर तुमचं काय गेलं?"

आता तेही नाहीत. वाद घालावा असं या गल्लीत कुणी उरलं नाही.

२४ नोव्हेंबर

दिवसभरात एकाच माणसाशी बोलले. दूधवाल्याशी. शनिवारपासून अर्धा लिटर जास्त.

२ डिसेंबर

काल झालं.

प्रफुल्लने ओळख कागदावरून वाचली. चारच वाक्यं, पण शेवटचं — "बाहेरच्या संगीतात भटकून आपली भिलाईची लेक शेवटी आपल्या संगीताकडे परत आली." भटकून! वीस वर्षांची मेहनत, दोन खंडांतलं संगीत, आणि हा शब्द. या एका शब्दाला माझ्याकडे चाळीस मिनिटांचं उत्तर तयार होतं. तिसऱ्या रांगेत खुर्चीचे हात धरून बसून राहिले.

ती मांडी घालून बसली, शामरावांसारखी. एकच राग, सव्वा तास, जवळजवळ सगळी आलापीच. तबलजी बिचारा बसून होता, शेवटी दहा मिनिटं त्याची पाळी आली. मागून कुणी ओरडलं, "दीदी, टँगो!" तिनं हात जोडले. वाजवला नाही.

मला बरोबर कळलं. हॉटेलं, बंदरं, परदेशी टाळ्या, सगळं पाहून आलेली बाई इतकं सावकाश वाजवते, तेव्हा ती नकार देत असते. वेगाला नकार, बाजाराला नकार. केवढं मोठं विधान! मी बोलले असते तर सगळा हॉल उठून उभा राहिला असता.

बोलले नाही.

४ डिसेंबर

काल गेली. कार्यक्रमानंतर दोन दिवस घरात होती. भरली वांगी केली, भाकरी केली. कार्यक्रमाबद्दल अक्षर काढलं नाही. ओठांवर आलं की उठून गॅसपाशी जायचे.

"आई, तुले बरं नाही का?"

"मले काय झालं?"

"मग अशी काऊन करून राहिली?"

"कशी?"

"जाऊ दे."

दुर्ग स्टेशनवर गाडीला वीस मिनिटं होती. बाकावर शेजारी बसलो. ती म्हणाली, "काही विचारायचं नाही का तुले?"

"नाही ग. तू जे करशील ते बरोबरच करशील."

मान खाली घालून बसली. गाडी आली. मी हात हलवला. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट न बोलता केली. थोडा अभिमान वाटतो आहे.

२० डिसेंबर

तिचा फोन नाही. मी केला. वाजत राहिला.

१ जानेवारी २०२५

सकाळी मेसेज — "तुले आवडलं नाही, ते कळलं. गप्प बसून तू जास्त बोलतेस."

हे कुठून आलं? मग लक्षात आलं. ज्यांच्यावर राग, त्यांच्याशी मी अबोला धरते. साहेब लोक माझ्या भाषणाला नाही भ्यायचे, अबोल्याला भ्यायचे. ती हेच पाहत मोठी झाली. तिनं दुसरं काय समजावं?

मोठं उत्तर लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा भाषण झालं. पुसलं. शेवटी पाठवलं — "आवडलं."

वाचलं तिनं. उत्तर नाही.

९ जानेवारी

खुर्सीपारला ठेका मजुरांची सभा. तासभर बोलले. बायका रडल्या, पोरं खांबावर चढून ऐकत होती. घसा बसला. घरी येऊन कुलूप काढलं. घसा बसलाय, हे सांगायला कुणी नाही.

१२ जानेवारी

तिचा फोन बंद येतो.

१८ जानेवारी

सकाळी स्वानंदी दारात. एक बॅग. व्हायोलिन नाही.

विचारलं, "काय झालं?"

तिनं डावा हात पुढे केला, मूठ मिटली. करंगळी आणि शेजारचं बोट वळलंच नाही.

"ऑगस्टपासून," म्हणाली.