पदराखालचा चेहरा

४ फेब्रुवारी १९३६
ती जाऊन आज महिना झाला. तिचा एकही फोटो नाही. शाळा सुटल्यावर तसाच शहागंजात कमरोद्दीनमियांकडे गेलो. गेलेल्या माणसाचं नुसतं वर्णन ऐकून ते तसबीर काढतात. म्हणाले, "नोकरीसाठी तुमचा शेरवानी-टोपीतला फोटो काढला ना, मास्तर? तवाच बाईला शेजारी बसवायचं होतं." खरं आहे. पण थोरल्या भावापुढं, तात्यासाहेबांपुढं, हे बोलायचं कसं?

९ फेब्रुवारी
तिचं हिरवं इरकली लुगडं नेऊन दिलं. मग वर्णन सांगायला बसलो. काठ सांगितला, बांगड्या सांगितल्या. कपाळाखाली ओढलेला पदर, खाली घातलेली मान. पुढं काही येईना. घरात माणसं, दिवसा तिला तशीच पाहिली.

१६ फेब्रुवारी
कच्चं चित्र पाहिलं. कमरोद्दीन म्हणाले, "हे लुगड्याचं चित्र झालं, बाईचं नाय."

१७ फेब्रुवारी
बारा वर्षं संसार केला. डोळे कसे होते तिचे?

२१ फेब्रुवारी
कमरोद्दीननी घरी बोलावलं. पडद्याआड त्यांची बायको, वहिदाभाभी. आमची ही दुपारी त्यांच्याकडे शिवण शिकायला जायची, एवढंच मला ठाऊक.
"आमच्या अंगणात कुठला डोक्यावर पदर, मास्तरसाब! लई गरम होतंय म्हणून खांद्यावर टाकायची. माझी ओढणी घेऊन मिरवायची. मी म्हटलं, तुझं लुगडं दे मला. तर म्हणाली, भाभी, तुम्हाला नऊ वार पुरायचे नायत!"
भाभी सांगत गेल्या, मियां काढत गेले. डाव्या गालाला खळी. वरचा एक दात जरा पुढं. मी ऐकत बसलो. भाभींचा हेवा वाटला — लपवून काय करू.

१ मार्च
चित्र पुरं झालं. हसते आहे. मला ओळखीचं फक्त लुगडं.
कमरोद्दीन हळूच म्हणाले, "घरच्यांना चालंल ना? नायतर पदर डोक्यावर चढवून देतो. घडीभराचं काम."
उद्या सांगतो म्हणालो.

२ मार्च
"पदर राहू द्या तसाच," म्हणून सांगून आलो.

८ मार्च
बैठकीत लावलं. तात्यासाहेबांनी जवळ येऊन बघितलं. म्हणाले, "ही कोण बाई?"
त्यांच्यासमोर तिचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. आज घेतलं. आवडा, म्हणालो.