उसने राखणदार

लालबाग, ता. ४ नोव्हेंबर १९८२
॥ श्री देव रामेश्वर प्रसन्न ॥

चि. सौ. मालन हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जाईबाई कोळणीच्या हाती तू धाडलेली पिशवी मंगळवारी पोचली. उकडे तांदूळ चार किलो, सुकटीचा पुडा, नलूची कानटोपी. त्याच दिवशी मी नलूच्या गामा इंजेक्शनच्या दोन कुप्या आणल्या, दोनशे दहा रुपये. गिरणीच्या संपात दहा महिने पगाराचं तोंड न पाहिलेल्या घरात हा आकडा कसा वाटतो, ते तुला सांगायला नको. जाईबाई म्हणाली, गामा पैलवानाची ताकद भरली असेल, म्हणून महाग. तिचं फार चुकलं नाही.

परळच्या डॉक्टरीणबाईंनी परवा सगळं समजावून सांगितलं. रोगाला अडवणारी द्रव्यं माणसाच्या रक्तात असतात, ती नलूच्या रक्तात तयारच होत नाहीत. मी म्हटलं, गावाच्या वेशीवर राखणदार असतो, तसे का? बाई म्हणाल्या, तसेच, आणि हिच्या वेशीवर कोणी नाही. म्हणून सारखा न्यूमोनिया. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग तर गेलाच. अजून एकदोनदा झालं तर उरलेलं वाचत नाही. पोर नऊ वर्षांची आहे, मालन.

उपाय दोन, दोन्ही उसन्या राखणदारांचे. एक हे इंजेक्शन, दर तीन आठवड्यांनी, दोन्ही मांड्यांत. चौघांनी धरावं लागतं. गेल्या खेपेला तिने माझ्या मनगटाला चावून रक्त काढलं. दुसरा, निरोगी माणसाच्या रक्तातलं पिवळं पाणी तेवढं महिन्यातून एकदा तिच्या शिरेत सोडायचं. तांबडं ज्याचं त्याला परत मिळतं. पण ते पाणीही जुळावं लागतं. ह्यांचा गट ए, माझा बी, नलूचा एबी. पोर आम्हा दोघांची, आणि चालत मात्र एकाचंही नाही! घरात एबी एकटे तुळशीदास भावजी. ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांनी दिलं तेव्हा पोर खोकली नाही. त्याला ती काकाचं सरबत म्हणते.

पण भावजी संप मोडून गिरणीत कामावर गेले आणि ह्यांनी देवापुढे शपथ घेऊन भाऊ मेला म्हणून सांगितलं. दोन मैलांवर राहून आपण जावाजावा टपालाने बोलतो. परवा चाळीच्या तोंडाशी कामावर जाणाऱ्या एकाला खांबाला बांधलं, तोंडाला डांबर फासलं, कान फाटेस्तोवर मारलं. बायका गॅलरीतून बघत होत्या. मीही त्यांत होते.

भीतभीतच विचारते. भावजी ह्या महिन्यात येतील का? ह्यांना मी सांगेन, बाटली रक्तपेढीतून मिळाली.

माझी माया आहे तशी आहे, तुझीही राहू दे.
तुझी,
दमयंती


प्रभादेवी, ता. ८ नोव्हेंबर

ती. सौ. जाऊबाईंस,
सा. न. वि. वि.

येतील. विचारायचं काय त्यात? हे म्हणतात, संप मोडला मी, नातं नाही मोडलं. आणि संप तरी हौसेने मोडला का? चाळीस दिवस घरात पेजेवर काढले. मोठ्या भावजींच्या सभेत पोट भरतं, आमचं नाही भरत.

शनिवारी ह्यांची तिसरी पाळी सकाळी सातला सुटते. पुढच्या गेटावर कामावरच्यांना घेऊन जाणारी गाडी असते, पण दगडही तिथेच पडतात. गेल्या आठवड्यात एकाचा डोळा गेला. म्हणून हे मागच्या बॉयलरच्या दाराने निघतील, भिंतीकडेच्या गल्लीने चालत साडेसातला इस्पितळात. एकटेच. गुरुवारी आमच्या खिडकीवर सोड्याची बाटली फोडली कोणी. काचा भातात पडल्या, तीन वेळा धुऊन मग टाकला.

हे पत्र वाचून चुलीत घाला हां. तुमची सगळं जपून ठेवायची खोड मला माहीत आहे. नलूला म्हणावं, सरबत पिताना काकाचं नाव घे.

मुलांच्या नमस्कारासह,
मालन


प्रभादेवी, ता. १७ नोव्हेंबर

जाऊबाई,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

शनिवारी गल्लीत पाचजण उभे होते. एकाने सायकलची साखळी ह्यांच्या गळ्यात टाकून मागे ओढलं. दुसऱ्याने लोखंडी कांब घातली, पहिली पाठीत, मग तोंडावर. जबडा दोन ठिकाणी मोडला. सहा दात गटारात सापडले, ते वेचायला मी गेले होते. खाली पडल्यावर उजव्या हाताची बोटं बुटाने चिरडली. म्हणत होते, ह्याच हाताने गिरणीचा साचा चालवतोस ना? कांब ज्याच्या हातात होती तो ह्यांचा सख्खा भाऊ. ह्यांनी दादा म्हणून हाक मारली, तेव्हा दुसऱ्यांदा बसली.

ती वाट तिघांनाच ठाऊक होती. ह्यांना, मला आणि तुम्हाला.

रस्त्यावर एवढं रक्त सांडलं, जाऊबाई. तुमची बाटली घेऊन यायचं होतंत. भरून गेली असती.

आता काही लिहू नका.
मालन


लालबाग, ता. २१ नोव्हेंबर
॥ श्री देव रामेश्वर प्रसन्न ॥

चि. सौ. मालन हीस,
आशीर्वाद द्यायची माझी पात्रता उरली असेल तर आशीर्वाद.

लिहू नको म्हणालीस तरी लिहिते. तुझं पत्र मी वाचून चुलीत घातलं. पण त्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात शनिवारच्या चौकोनात पेन्सिलीने टिपून ठेवलं: तु. भा., ७ वा., बॉयलरमागची गल्ली. दूध बंद, रॉकेलची पाळी, संकष्टी, सगळं मी तिथेच टिपते. विसरेन आणि पोरीची बाटली चुकेल ह्या भीतीने टिपलं. इस्पितळ हा शब्द मात्र नाही लिहिला, ह्यांना कळू नये म्हणून! तो लिहिला असता तर कदाचित ह्यांनी मला विचारलं असतं. ह्यांनी फक्त भावाचं नाव, वेळ आणि गल्ली वाचली.

त्या दिवशी हे सहाला सभेला म्हणून गेले. मी आणि नलू अकरापर्यंत इस्पितळाच्या बाकावर. दर पायरवाला ती काका आला म्हणून मान वळवायची. घरी आले तर ह्यांचा सदरा बादलीत होता, बाही कोपरापर्यंत लाल. म्हणाले, पोलिसांशी झटापट झाली. मी थंड पाण्यात मीठ घालून तो चोळला, तीनदा खळबळला. भावजींचं रक्त ह्या हातांनी मोरीत सोडलं, मालन, आणि डाग निघाला म्हणून बरं वाटलं.

तुझं पत्र आल्यावर मी ते ह्यांच्या पुढ्यात टाकलं. वाचून विचारलं, कसली बाटली? मी सगळं सांगितलं. आधी मला मारलं. डाव्या कानात अजून घूं होतं. मग तसेच उठून परळला गेले आणि माझं घ्या म्हणून डॉक्टरीणबाईंपुढे बाही वर केली. त्यांनी सांगितलं, ए चालत नाही, पोरीला घात होईल. तिथली खुर्ची आपटून मोडली, शिपायांनी बाहेर काढलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस बसेल. दुसऱ्या दिवशी त्याच चौघांबरोबर पुन्हा गेटावर. ते म्हणतात, तुळशीदास बरा होऊन कामावर गेला तर पुढच्या खेपेला हातच खांद्यापासून काढू. आमच्याच घरात बसून बोलतात, आणि हे ऐकून घेतात.

नलूला गामा टोचलं. कुप्या दोनच, तिच्या वजनाला पुरत नाहीत. काही मागत नाही. फक्त, वाट मी विकली नाही एवढं खरं मान.

तुझी अपराधी जाऊ,
दमयंती


प्रभादेवी, ता. २७ नोव्हेंबर

ती. सौ. जाऊबाईंस,
सा. न. वि. वि.

मानलं. पण मानून ह्यांचा जबडा जुळत नाही.

तोंड तारेने बांधलंय. नळीने पेज घेतात, बोलणं पाटीवर, तेही डाव्या हाताने. काल पाटीवर काय लिहिलं, सांगू? नलूची बाटली कधी? मी पुसलं. पुन्हा लिहिलं. मी पाटी फोडली, तर जमिनीवर खडूने लिहिलं. असल्या माणसाशी कसं भांडायचं? मी ह्यांच्या चपला पाण्याच्या पिंपामागे लपवल्यात.

पोलिसांना कोणी नाव सांगत नाही. हे सांगत नाहीत, भाऊ म्हणून. गल्लीतले सांगत नाहीत, भिऊन. तुम्ही सांगा. चौकीवर जाऊन मोठ्या भावजींचं आणि त्या चौघांचं नाव लिहून द्या, मग मी चपला काढून देईन. पोर तुमची आहे, नवरा माझा आहे. तुमच्या पोरीसाठी मी माझा माणूस दुसऱ्यांदा त्या रस्त्याला का धाडू?

कडू लिहिलं. आमच्या घरात सध्या तेवढंच आहे.
मालन


लालबाग, ता. १ डिसेंबर
॥ श्री देव रामेश्वर प्रसन्न ॥

चि. सौ. मालन हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल चौकीवर गेले. हवालदार म्हणाला, बाई, नवऱ्याचं भांडण घरात मिटवा. मी म्हटलं, मी मॅट्रिक आहे, कागद द्या, माझं मी लिहिते. पाचही नावं लिहिली, सदऱ्याचं लिहिलं, कॅलेंडराचं लिहिलं, माझी स्वतःची चूकही लिहिली. सही करताना देवाचं नाव घेतलं नाही. त्याला ह्यात ओढावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी ह्यांना चाळीच्या चौकातून नेलं. हातात बेडी होती म्हणून लाथेने पाणी भरलेला हंडा माझ्या अंगावर उडवला. नलू बघत होती. चौघांतले तिघे सापडले, एक गावाला पळाला. आज सकाळी बायकांनी माझी घागर नळाच्या रांगेतून बाहेर काढून लाथाडली, आणि कुणीतरी दारावर शेण फेकलं. हरामखोर म्हणाल्या, फितूर म्हणाल्या. ज्यांच्या गॅलरीत उभी राहून मी त्या बांधलेल्या माणसाकडे बघत होते, त्याच ह्या बायका.

एक स्पष्ट लिहिते. हे मी तुझ्या अटीसाठी केलं नाही, आणि बाटलीची किंमत म्हणून तर मुळीच नाही. भावजींचा हात तोडायची भाषा माझ्या घरात बसून चालली होती आणि मी त्यांना चहा देत होते. तेवढ्यासाठी केलं. तू चपला दिल्या नाहीस तरी माझी तक्रार नाही.

पण नलूला रविवारपासून ताप आहे, एकशेतीन. श्वास घेताना बरगड्या आत जातात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधं चालू केली आहेत, पण ह्या पोरीत लढायला कोणी नाही, बाहेरून पाठवल्याशिवाय भागणार नाही. भावजींचं रक्त आधी तपासतील, अशक्तपणा असला तर घेणारच नाहीत. मग गामाच्या कुप्या जमवीन. त्यांच्या जिवाला धक्का लावून मला काही नको.

मी शनिवारी सकाळी आठपासून इस्पितळात, मुलांच्या खोलीबाहेर असेन. येतात की नाही एवढंच लिही. वेळ लिहू नकोस, वाट लिहू नकोस. शुक्रवारच्या आत हातात पडेल असं उलट टपाली कळव.

तुझी,
दमयंती