गेबहार्ट परब, मुलुंड

४ मार्च, बुध.
बँकेत केवायसी. काउंटरवरची मुलगी म्हणे, "गेबहार्ट परब? सर, ख्रिश्चन का?" म्हटलं, मालवणी आहोत, गाव कुडाळकडे. बावन्न वर्षं हेच चाललंय. शाळेत गब्या, ऑफिसात जी.पी.
घरी येऊन बाबांना परत विचारलं, हे नाव का ठेवलंत? पूर्वी हसून टाळायचे, "मोठो झालंस की सांगान." आई गेली, आता विचारायला तेच उरलेत. आज म्हणाले, "च्या झाली?"

८ मार्च, रवि.
बायको, वर्षा, म्हणाली, नेटवर बघ ना एकदाचं. बघितलं. जुनं जर्मन नाव. गेब म्हणजे देणं, भेट. हार्ट म्हणजे टणक, खमक्या. तिकडेही हल्ली फारसं कुणी ठेवत नाही म्हणे. म्हणजे मजबूत भेट. दिवाळीला कंपनी स्टीलचा डबा देते तसं काहीतरी. वर्षा हसली. मला नाही आलं हसू. बाबांसारख्या भांडुपच्या कारखान्यातल्या फिटरनं हे पोराला का लावलं, ते कुठे लिहिलंय?

१३ मार्च, शुक्र.
बाबांचे डॉक्टर : गेलेली आठवण परत येणार नाही. आहे ते सांभाळा.
काय सांभाळू? वर्षाला 'वहिनी' म्हणतात. आंघोळीला ठेवलेल्या बाईला ढकलून दिलं. मला मात्र घालू देतात. "गब्या, पाठ घास रे." रोज साडेसातला, तेवढं एक शिल्लक आहे.

१९ मार्च, गुरु.
बादली घेऊन आत गेलो तर बाबा उठून उभे राहिले. हात जोडले. "गेबहार्टसायबानू, बसा." पलंगावर बसवलं मला. आणि बोलत सुटले, एका दमात. कारखान्यात मशीन बसवायला जर्मनीहून आलेला साहेब. घरून निरोप, आई माझ्या वेळच्या बाळंतपणात अडलीय. फोरमननं सुट्टी नाकारली. साहेबानं काम थांबवलं, स्वतःच्या गाडीत घालून आईला हॉस्पिटलात नेलं. "तुमी नसतास तर दोघांय गेली असती. झिलाक तुमचाच नाव ठेवलंय."
तर हे असं. बावन्न वर्षांनी कळलं, आणि सांगणाऱ्याला मी कोण ते माहीत नाही. मोरीत जाऊन रडलो.

२२ मार्च, रवि.
तीन दिवस आंघोळ नाही. अंगाला वास मारतोय. सदऱ्याला हात लावला की संकोचतात. "सायबानू, तुमी नको. माझो झील येतलो, तो घालता."
म्हटलं, बोलावतो त्याला. बाहेर आलो, शर्ट बदलला, परत आत गेलो. बाबा, मी गब्या.
"बसा, सायबानू," म्हणाले. "येतलोच तो आता."
बसलो. दोघंही दाराकडे बघत होतो. पाणी गार झालं. वर्षाला दुसरी बादली तापवायला सांगितलीय.